काढलेला पॅड फेकण्याआधी

भोसरीच्या टी ब्लॉकमधल्या नाहीतर जे ब्लॉकमधल्या कुठल्याही मशिनशॉपमध्ये सकाळच्या पाळीला डोकावून पाहा. सीएनसीवरून उतरलेल्या जॉबला कुणीतरी मायक्रोमीटर लावत असेल, आणि ड्रॉइंगच्या मर्यादेपेक्षा २० मायक्रॉन जास्त भरला म्हणून तो रिजेक्शनच्या लाल खोक्यात टाकत असेल. २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पाळी सुटल्यावर हाच माणूस ज्या गाडीतून मोशीला किंवा दिघीला घरी जातो, तिच्या ब्रेकच्या डिस्कला मात्र जन्मात कधी मायक्रोमीटर लागलेला नसतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘पॅड गेलेत, टाकून देतो’, हा म्हणतो, ‘टाका’, आणि जुने पॅड भंगारात जातात.

खरे तर ब्रेक ही या पट्ट्याची घरची वस्तू आहे. भोसरीतच, पुणे-नाशिक रस्त्यावर, केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे; १९६७ साली केंद्र सरकारचे वाहतूक मंत्रालय आणि राज्य परिवहन उपक्रमांची संघटना यांनी मिळून ती उभी केली. वाहनांच्या सुट्या भागांना कायद्याने लागणाऱ्या चाचण्या तिथे होतात. शेजारच्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिकडे चाकणच्या बाजूला बॉश आणि ब्रेंबो यांचे ब्रेकचे कारखाने आहेत. त्यातल्या बॉशच्या ब्रेकच्या धंद्याचे मूळ कल्याणी ब्रेक्स या मराठी मुलखातल्याच कंपनीत आहे. एवढे सगळे आजूबाजूला असून ब्रेकची देखभाल म्हटली की आपल्याला एकच गोष्ट सुचते, पॅड बदलणे. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते असे, की पॅड लवकर संपला, वाकडा झिजला, कुरकुरला, तर त्याचे कारण बहुतेक वेळा पॅडमध्ये नसते. ते पिनमध्ये असते, ब्रेक ऑइलमध्ये असते, चाकाच्या नटात असते. पॅडवर त्याची खूण तेवढी उमटते. ती वाचता आली पाहिजे.

आधी हिशेब. ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो. हजार किलोची गाडी ताशी ३६ किलोमीटरवरून थांबवली की ५० किलोज्यूल उष्णता तयार होते. वेग दुप्पट, म्हणजे ७२, असेल तर उष्णता चौपट, २०० किलोज्यूल. एवढ्यात लिटरभर पाणी ४८ अंशांनी तापते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली, तर त्या एका थांबण्यात ती साधारण ३० अंशांनी तापते. एकदा थांबलात तर काहीच नाही. पाठोपाठ दहादा थांबलात तर काय होईल, याचा गुणाकार वाचकाने करावा.

आता खंडाळ्याचा घाट घ्या. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. हजार किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे ४,९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवली पाहिजे. नळाचे १५ लिटर पाणी उकळायला साधारण एवढीच लागते. वारा, टायर आणि इंजिन यातला काही वाटा उचलतात. पण गाडी न्यूट्रलला टाकून ‘पेट्रोल वाचवणाऱ्या’ शहाण्याने इंजिनचा वाटाही ब्रेकच्या माथी मारलेला असतो.

दुसऱ्या बाजूला नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतची संध्याकाळ. समजा त्या गर्दीत तुम्ही ३६ च्या वेगावरून शंभर वेळा थांबलात. शंभर गुणिले पन्नास, पाच हजार किलोज्यूल. म्हणजे कागदावर तुम्ही रोज खंडाळ्याचा घाट उतरता, फक्त हप्त्याहप्त्याने. ब्रेकला मात्र हे दोन्ही सारखे नसतात. गर्दीत दोन थांब्यांच्या मध्ये डिस्कला निवायला वेळ मिळतो. घाटात पाय पेडलवर ठेवूनच उतरले तर मिळत नाही. आणि पॅडची झीज तापमानाबरोबर फार झपाट्याने वाढते. म्हणूनच ‘अमुक हजार किलोमीटरला पॅड बदला’ हा सल्ला मला कधी पटला नाही. भोसरी-चाकण करणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या एकाच मॉडेलच्या गाड्यांतसुद्धा पॅडचे आयुष्य दुपटीने वेगळे निघू शकते. मीटरवरचा आकडा बाजूला ठेवून चाकामागे पाहावे, हे बरे.

पाहायचे काय? आधी डिस्क. ती राखाडी बिडाची असते. आपल्याकडच्या ड्रॉइंगवर एफजी २०० किंवा एफजी २६० असे लिहिलेले असते तेच बीड. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून असल्या बिडाचे ओतकाम वर्षानुवर्षे होत आले आहे. पोलाद याहून कितीतरी चिवट, मग डिस्कला बीड का? कारण या बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. ते पापुद्रे उष्णता चटकन पसरवतात आणि कंपने गिळतात. शिवाय बीड स्वस्त असते, टर्निंगला सोपे असते. गंजते मात्र लगेच. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी थर दिसतो, तो पाहून घाबरू नये. पहिल्या चारदोन ब्रेकांत तो निघून जातो.

पॅडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. पोलादी पाठपट्टीवर राळेत बांधलेले डझनभर पदार्थांचे मिश्रण दाबून, भाजून बसवलेले असते: तंतू, धातूचा चुरा, ग्राफाइट, घासणारी पूड, भरणा. या मिश्रणाच्या व्यवसायाची सुरुवात इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये केली, आणि तीही घोडागाड्यांसाठी. उतारावर शेतकरी चाकाला जुना बूट अडकवून गाडी रोखतात हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे त्याच्या कंपनीचे नाव फेरोडो झाले. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरचे, १९०२ मधले. पण तो नीट नावारूपाला यायला १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. ड्रम लावलेल्या गाड्या तापून ढिल्या पडत होत्या आणि ही मात्र वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारत होती.

काही पॅडांच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी दोन अक्षरे असतात, ईई, एफई, एफएफ अशी. पहिले अक्षर पॅड साधारण तापलेला असतानाचे घर्षण सांगते, दुसरे खूप तापल्यावरचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. एफई वाचून समजावे की हा पॅड तापला की पकड थोडी सोडतो. गावात फिरणाऱ्याला ते चालेल. दर शनिवारी घाट उतरणाऱ्याने एफएफ बघावा. दुकानात याची चौकशी करणारा गिऱ्हाईक क्वचितच येतो, त्यामुळे विकणाराही चमकतो.

आता काढलेला पॅड हातात घ्या. नवा असताना त्यावर १० ते १२ मिलिमीटर घर्षणाचा थर असतो. ३ मिलिमीटर उरला की बदलायचा. पाठपट्टीची जाडी त्यात धरायची नाही, ही चूक फार जण करतात. काही पॅडांना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. किंचाळणे ऐकूनही चालवत राहिले की पुढे खरखर येते. ती लोखंडावर लोखंड घासल्याची असते, आणि मग पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च मिळतो.

एकाच चाकाचे दोन पॅड शेजारी ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांत पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ‘तरंगता’ असतो: पिस्टन फक्त आतल्या बाजूला, तो आतला पॅड दाबतो, आणि त्या जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅडही ओढून घेतो. पिना कोरड्या पडल्या, त्यांच्या रबरी टोप्या फाटून आत चिखल गेला, की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटा राबतो आणि पातळ होतो, बाहेरचा जाडच राहतो. असे दोन पॅड हाती आले तर नवे चार पॅड टाकून प्रश्न मिटत नाही. पिना बाहेर काढून, पुसून, ब्रेकचे सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवाव्या लागतात. काम थोड्या मिनिटांचे आणि ग्रीस चिमूटभर. हाताशी आहे म्हणून चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस लावू नये. ब्रेकमधले रबर पेट्रोलियम तेलाने फुगते, आणि आज मोकळी झालेली पिन तीन महिन्यांनी आणखी घट्ट बसते.

दोन्ही पॅड सारखेच पण पलीकडच्या बाजूच्या चाकातल्या पॅडांपेक्षा फार पातळ असतील, तर पिस्टन मागे जात नाही असे समजावे. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, हे पुष्कळ मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती पिळते, आणि पाय उचलला की सरळ होता होता पिस्टनला केसभर मागे घेते. त्या केसभर जागेत पॅड मोकळा होतो. रिंग कडक झाली किंवा पिस्टनवर गंज चढला की ही जागा संपते, पॅड घासत राहतो, गाडी एका बाजूला ओढते आणि त्या एकाच चाकाची रिम हाताला चटका देते. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असेल तर तो खाचेत अडकलेला आहे. खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढायचा. आणि पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, त्यावर बारीक तडे असतील, तर तो तापून भाजला आहे. राळ साधारण ३०० ते ३५० अंशांच्या पुढे जळू लागते, तिचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरतो, आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. असा पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवून देणारे पाहिले आहेत. वरची चकाकी जाते, पण थरात खोल जळालेले जळालेलेच राहते.

याउलट पेडलच मऊ पडून खाली जात असेल तर संशय ब्रेक ऑइलवर घ्यावा. नाव ऑइल असले तरी ते तेल नव्हे. ते हवेतले पाणी शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चे २३० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. घाटात कॅलिपर तेवढा तापू शकतो. द्रव उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट तळाला जातो. आपल्या जून-सप्टेंबरची हवा लक्षात घेता दोन वर्षांनी ते बदलणे ही चैन नव्हे. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने अर्धवट उघड्या असलेल्या बाटलीतले घेऊ नये. सीलबंद बाटली डोळ्यांदेखत उघडायला सांगावी. आणि पातळी थोडी खाली गेली म्हणून वरून ओतत राहू नये. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी उतरते. ती उतरलेली पातळी म्हणजे पॅड पाहा असा निरोप असतो. वरून भरून ठेवले तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की द्रव उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खाते.

आता त्या २० मायक्रॉनकडे. ताशी ऐंशीवरून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते, पेडल पायाखाली धडधडते. गॅरेजचे निदान ठरलेले: ‘डिस्क वाकली.’ मोठ्या डबक्यातून तापली गाडी गेली म्हणून वाकली, असेही सांगतात. डिस्क अशी वाकणे फार दुर्मिळ. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, आणि हा फरक पंधरा-वीस मायक्रॉनचा झाला तरी पायाला कळतो. फरक पडतो कसा, ही गंमत आहे. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले गेले, की डिस्क किंचित तिरकी बसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात डिस्कची तीच एक जागा पॅडला घासून जाते. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते आणि धडधड सुरू होते. तोवर चार महिन्यांपूर्वी पंक्चर काढताना पान्ह्यावर उभे राहून नट आवळणारा कुणाच्या ध्यानातही नसतो. नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे, टॉर्क पान्ह्याने आवळायचे असतात. छोट्या गाडीला साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. भोसरीत टॉर्क पान्हा नसलेले वर्कशॉप शोधावे लागेल. रस्त्यावरच्या पंक्चरच्या टपरीत तो असणे अवघड, म्हणून घरी आल्यावर नट सैल करून पुन्हा आवळून घ्यावेत.

धडधडणारी डिस्क लेथवर लावून कट मारून घेता येते, आणि इथे असे करून देणारे गल्लोगल्ली आहेत. हरकत नाही, पण दोन अटी. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. कट मारल्यावर, आणि पुढची झीज धरूनही, तिच्याखाली जाता कामा नये. पातळ डिस्कमध्ये उष्णता मुरवायला बीडच कमी उरते, तिला तडे जातात. जाडी व्हर्निअरने मोजली तर कडेला न झिजलेल्या बिडाची जी धार उभी राहते तिच्यावर जबडे टेकतात आणि माप जास्त येते. मायक्रोमीटर आत घालून सहा-आठ ठिकाणी मोजावे. दुसरी अट: परत बसवण्याआधी हबचे तोंड घासून स्वच्छ करावे आणि डायल इंडिकेटर लावून डिस्क फिरवून पाहावी. रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कचे डोलणे, ५० मायक्रॉनच्या आत असला तर उत्तम. हे न करता नुसता कट मारला, तर हब तोच, गंज तोच, आणि सहा महिन्यांनी धडधडही तीच.

मागच्या चाकांना अजूनही पुष्कळ गाड्यांत ड्रमच असतात आणि ते वाईट नसतात. त्यांना काम कमी, झीज कमी. भर पावसात गाडी आठवडाभर उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. लायनर ड्रमला चिकटतात. सपाटीवर गियरमध्ये ठेवून चाकाला वीट लावावी. विजेच्या गाड्यांनी ड्रमला नवे दिवस आणले आहेत, कारण त्यांचा वेग बराचसा मोटरच उतरवते, डिस्क वापराविना गंजते. फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतल्या काही गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम दिले ते याचसाठी. अशा गाडीत पॅड जाडच्या जाड दिसतील, पण पिना न हलल्याने घट्ट झालेल्या असू शकतात. तेव्हा पाहणी चुकवू नये.

चाक काढले की काळी भुकटी असते, आणि कुणीतरी हवेची नळी घेऊन धावतो. ते थांबवा. फ्रूडच्या काळापासून अनेक दशके या मिश्रणांत ॲस्बेस्टॉस असायचा, आणि त्याच्या धुळीने फुप्फुसांचे कॅन्सर होतात हे जगाला फार उशिरा कळले. आज पॅडच्या डब्यावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ छापलेले असते. निनावी स्वस्त लायनरच्या बाबतीत त्या छपाईवर मी विसंबणार नाही. ॲस्बेस्टॉस नसला तरी धातूची बारीक धूळ छातीत घेण्यात फायदा नाही. युरो ७ नियमांनी युरोपात पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली आहे, साध्या गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. आपण निदान ओल्या फडक्याने पुसावे किंवा ब्रेक क्लीनर मारावा.

नवे पॅड दोन्ही चाकांना एकदमच बसवायचे, एका बाजूला कधीच नाही. बसवून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचे. पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दोनचार वेळा पाय पोकळीत जातो. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की गॅरेजचा दरवाजा नाहीतर मागे उभी असलेली मोटारसायकल जाते. मग नवा पॅड डिस्कवर आपला पातळ, एकसारखा लेप चढवेपर्यंत त्याला रुळवायचे. भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते. त्या सकाळी ब्लॉकमधले रस्ते रुंद आणि बऱ्यापैकी मोकळे असतात. मागे कुणी नाही हे आरशात पाहून ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, बेताच्या जोराने वेग उतरवावा. मध्ये थोडे चालवून निवू द्यावे. असे आठ-दहा वेळा. शेवटी तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहू नये, नाहीतर पॅड जिथे टेकलेला असतो तिथेच त्याच्या आकाराचा डाग डिस्कवर उठतो. दहा मिनिटे नुसती गाडी चालवावी, आणि घरी आल्यावर हँडब्रेक न ओढता गियरमध्ये उभी करावी.